झिला आत्याची शंभरी

पूर्वज शोधायला निघालेल्या माणसाला पूर्वज सापडतात, हा या छंदातला मुख्य धोका आहे. तो मला आधी कोणी सांगितला नाही. आमचे शेजारी क्रॉन्शॉ सांगू शकले असते. त्यांनी आपलं घराणं सोळाशे चाळीसपर्यंत मागे नेलंय, आणि त्या साली त्यांच्या एका पूर्वजानं कुणा सरदाराचा घोडा काही वेळ धरून ठेवला होता, असं ते नव्या माणसाला पहिल्या भेटीतच सांगतात. पण क्रॉन्शॉंचा स्वभाव असा, की सांगण्यासारखं तेवढं सोडून बाकी सगळं सांगायचं.

सुरुवात बेरिलनं केली. बेरिल माझी बायको. आमच्या घरातली बहुतेक संकटं "तू रिकामाच आहेस ना" या चार शब्दांनी सुरू होतात.

"बारा एप्रिलला झिला आत्याची शंभरी," ती म्हणाली. "चॅपलचा हॉल घेतलाय, ऐंशी माणसं येणार. भिंतीला लावायला एक वंशवृक्ष कर. तू रिकामाच आहेस ना."

मी रिकामा नव्हतो. एकतीस वर्षं मी कौन्सिलच्या वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. पबमधला बिअरचा पाइंट पाइंटभर आहे का, कोळशाच्या पोत्यात कोळसा किती आणि पाणी किती, हे बघण्यात माझी हयात गेली. निवृत्तीनंतर माणसाची नजर निवते असं लोकांना वाटतं. ती निवत नाही. अजूनही कोणी चहा ओतताना हात आखडता घेतला तर ते मला समोरच्या टेबलावरून कळतं, आणि मी ते त्याला सांगतो. त्यामुळे आम्हाला चहाला फारशी बोलावणी येत नाहीत.

झिला आत्या माझ्या वडलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. आमच्या ब्रॅकनशॉच्या गिरणीत एकाच वेळी चार माग सांभाळत तिनं सेहेचाळीस वर्षं काढली. चार मागांच्या खडखडाटात कान गेले, पण गिरणीतल्या सगळ्या बायकांसारखी तिला ओठांवरून बोलणं वाचायची कला आली. तिच्या समोर कुजबुजण्यात अर्थ नसतो. रस्त्यापलीकडे दोन बायका काय बोलताहेत हे ती खिडकीतून वाचते आणि आपल्याला सांगते, तेही त्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

त्या हिवाळ्यात डॉक्टरनं तिचं हृदय तपासलं आणि मला बाजूला घेऊन "वसंतापर्यंत बघू" असं म्हटलं. बाजूला घेताना त्यानं तोंड आत्याकडेच ठेवलं होतं.

"वसंतच पुरे," आत्या खाटेवरून म्हणाली. "मला राजवाड्यातून शंभरीचं कार्ड येऊ दे. पुढचं पुढे."

आत्यानं जन्मात कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आम्ही नवा रेडिओ दिला तेव्हा तो तिनं बहिरेपणाचं कारण सांगून परत केला होता. पण शंभरी गाठणाऱ्याला राणी पाठवते ते हे कार्ड तिला हवं होतं आणि ते याच एप्रिलला हवं होतं, कारण पुढच्या एप्रिलची हमी कोणी देत नव्हतं. मी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज भरला. सोबत जन्माचा दाखला लागतो. आत्यानं बिस्किटांच्या डब्यातून तो काढून दिला. घड्यांवर फाटून त्याचे चार तुकडे झाले होते, पण तारीख स्वच्छ होती: बारा एप्रिल एकोणीसशे दहा. मी त्याची नक्कल जोडून अर्ज टपालात टाकला आणि निश्चिंत मनानं वंशवृक्षाकडे वळलो. निश्चिंत मनानं केलेल्या सगळ्या गोष्टींचा मला आता संशय येतो.

जनगणनेच्या जुन्या वह्या हल्ली घरबसल्या संगणकावर दिसतात. मी थेट अठराशे एक्केचाळीसपासून सुरुवात केली आणि पहिल्याच दिवशी मला धक्का बसला. त्या वर्षी पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाचं वय खालच्या पाचाच्या पटीत लिहायचं असा सरकारी हुकूम होता. एकोणचाळीसचा माणूस पस्तीस. म्हणजे चार वर्षं सरकारनंच खाल्ली. मी हे क्रॉन्शॉंना कुंपणावरून सांगितलं. सहा वर्षांपूर्वी याच कुंपणावरून आमचं बिनसलं होतं, तेव्हापासून आम्ही एकमेकांना अतिशय आदरानं वागवतो.

"मिस्टर शॉरॉक," ते म्हणाले, "जनगणनेवर विश्वास ठेवायचा नसतो. घरधन्यानं दारात उभं राहून सुचेल ते सांगितलं, कारकुनानं ऐकू येईल ते लिहिलं. खरा माणूस दाखल्यात असतो. दाखले मागवा."

त्यांचं म्हणणं पटायला वेळ लागला नाही. माझी एक पणजी अठराशे एकाहत्तरला बत्तीस वर्षांची होती, एक्याऐंशीला एकोणचाळीसची आणि एक्क्याण्णवला शेहेचाळीसची. दर दहा वर्षांनी बाई सातच वर्षं पुढे सरकत होती. असला तराजू बाजारात दिसता तर मी जागेवर जप्त केला असता.

मी दाखले मागवले. जॉन शॉरॉक नावाच्या पणजोबांचा पहिला दाखला आला आणि मी हरखलो. माणूस साधा विणकर नव्हता, मागांवरचा जॉबर, विणकरांचा मुकादम होता. गिरणीत जॉबर म्हणजे जाकीट आणि घड्याळ. मी तीन आठवडे त्या माणसाच्या मागे लागलो. त्याची बायको, त्याची सात मुलं, त्याचं चॅपलच्या कमिटीतलं नाव. आरशात पाहिलं तर कपाळ मला त्याच्यासारखंच वाटायला लागलं, आणि मी त्याचा फोटो अजून पाहिला नव्हता. शेवटी सगळं कागदावर मांडून आत्याला वाचून दाखवायला गेलो.

"हा कोण?" आत्या म्हणाली.

"तुझे आजोबा. जॉबर होते."

"आमच्यात कोणी जॉबर नव्हता. असता तर मी शंभर वर्षं गप्प बसले असते का?"

त्या एका गल्लीत तीन जॉन शॉरॉक राहत होते. मी दुसऱ्याच घरात तीन आठवडे मुक्काम केला होता. आमचा जॉन शॉरॉक चार दारं पलीकडे निघाला. विणकर, बायको विणकर, सासू विणकर. मी त्याच्यावरून नव्यानं वृक्ष काढायला घेतला. बेरिलनं तो चहा पिता पिता पाहिला. त्यात सत्तावीस चौकोन होते आणि सत्तावीस वेळा 'विणकर' लिहिलं होतं.

"एखादा दुकानदार तरी नाही का सापडत?" ती म्हणाली. "मेयर येणार आहेत."

मी म्हटलं, मी शोधतो आहे, बनवत नाही. हे मी जरा जास्तच करारीपणानं म्हणालो आणि पुढच्या पंधरा दिवसांत त्याची किंमत चुकती केली.

कारण मग मी एकोणीसशे अकराची जनगणना उघडली. त्या वर्षी पहिल्यांदाच घरधन्यानं स्वतः भरलेला कागद जपून ठेवला गेला. म्हणजे समोर साक्षात माझ्या आजोबांचं, ईनॉक शॉरॉकचं, हस्ताक्षर होतं. मोठं, जपून काढलेलं, रेघेच्या वर तरंगणारं. गाव थॉर्नक्लफ. आजोबांची गिरणी बंद पडल्यावर सगळे इकडे ब्रॅकनशॉला आले, त्याच्या आधीचं हे. ईनॉक, विणकर. बायको मार्था, विणकर. सारा, वय पाच. एमॉस, वय दोन. हे माझे वडील. आणि खाली, 'झिला, मुलगी, वय ७ महिने'.

मला आनंद झाला. आत्या सापडली. मग माझ्या लक्षात आलं, की त्या ओळीवर एक रेघ आहे. तांबडी. आजोबांनी मारलेली नव्हे, कागद गोळा करणाऱ्या सरकारी माणसानं त्याच्या तांबड्या शाईनं मारलेली. शेजारी एक रकाना होता: या लग्नात जन्मलेली मुलं, हयात असलेली, वारलेली. आजोबांनी लिहिलं होतं: तीन, दोन, एक.

शिवाय हिशेब जमेना. बारा एप्रिल दहाला जन्मलेली मुलगी अकराच्या एप्रिलात अकरा महिन्यांची पाहिजे. सात कसे? पणजीच्या वयाची खोड आजोबांनाही लागली असेल, असं मी मनाला समजावलं आणि क्रॉन्शॉंकडे गेलो.

क्रॉन्शॉंनी कागद बघून चष्मा काढला. "मिस्टर शॉरॉक, ही चूक पुष्कळ घरांतून झालेली आहे. कागद म्हणे, घरातली सगळी माणसं लिहा. लोकांनी सगळी लिहिली. गेलेलीसुद्धा. मग सरकारी माणसानं खोडली." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "मृत्यूचा दाखला मागवा."

"माझी आत्या काल माझ्या घरी आलं घातलेला केक खाऊन गेली."

"तरी मागवा," क्रॉन्शॉ म्हणाले.

दाखला आला. चौदा नोव्हेंबर एकोणीसशे दहा, झिला शॉरॉक, वय सात महिने, छातीचा विकार. मृत्यूसमयी हजर: मार्था शॉरॉक, आई. त्याच टपालात केकवाल्याची पावती होती: वर साखरेत शंभराचा आकडा, दोन फूट.

कारभाराची मला सवय आहे. नोंदीत चूक असेल तर खात्यात जायचं आणि दुरुस्त करून घ्यायची. मी बसनं जन्ममृत्यू नोंदणीच्या कचेरीत गेलो. खिडकीत एक तरुण बाई होती.

"जन्म, मृत्यू की लग्न?"

"मृत्यू," मी म्हणालो. "म्हणजे, झालेला नाही."

"मग झाल्यावर या."

"तसं नव्हे. नोंद झालेली आहे, एकोणीसशे दहाला. पण त्या बाई जिवंत आहेत."

तिनं पेन खाली ठेवलं. "किती वर्षांच्या?"

"तोच तर प्रश्न आहे."

"त्या स्वतः येऊ शकतील का?"

"त्यांना काही माहीत नाही."

"काय माहीत नाही?"

"आपण वारलो ते."

माझ्या मागे एक नवा बाप मुलीचा जन्म नोंदवायला उभा होता. तो एक पाऊल मागे सरकला. बाईनं मला समजुतीच्या आवाजात सांगितलं, की नोंद दुरुस्त करायची तर ज्यानं खबर दिली त्यानंच यावं लागतं.

"खबर माझ्या आजीनं दिली होती. ती एक्कावन्नला गेली."

"त्याची नोंद आहे?"

"आहे."

"ती बरोबर आहे?"

एकतीस वर्षं मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. बाहेरून माणूस कसा दिसतो ते त्या दिवशी समजलं. तरी पोरगी मनानं चांगली असावी, कारण मी टोपी घालून निघालो तेवढ्यात तिनं यंत्रात काहीतरी दाबलं आणि हाक मारली. "अहो, शॉरॉक! झिला आणखी एक आहे. तीन मे एकोणीसशे बारा. आईबाप तेच. ही चालेल का?"

ही चालणार होती. नुसती चालणार नव्हती, सेहेचाळीस वर्षं मागांवर चाललेली हीच होती. क्रॉन्शॉंनी कुंपणावरून उलगडा केला: एका मुलीला आजीचं नाव द्यायचं, ती गेली तर नाव वाया घालवायचं नाही, पुढचीला द्यायचं. घरोघर तसंच असे. पण दुसरीच्या डब्यात पहिलीचा दाखला कसा, हे मात्र त्यांना सांगता येईना.

"ते तुमच्या आत्याबाईंना विचारा. पण वृक्षात खरं तेच लिहा. नोंद ती नोंद."

म्हणजे बारा एप्रिलला आत्या सत्त्याण्णवची. तीन मेला अठ्ठ्याण्णव. हॉल घेतलेला, ब्रास बँड ठरलेला, मटण-बटाट्याचा रस्सा आणि लाल कोबीचं लोणचं ऐंशी जणांसाठी सांगितलेलं, राजवाड्याकडे माझ्या सहीचा अर्ज, आणि मालात दोन वर्षांची तूट. उघड्या डोळ्यांनी सही करून मी कमी भरलेलं पोतं पुढे पाठवलं होतं. मी राजवाड्याला पत्र लिहायला बसलो. 'महोदय, माझ्या आत्याच्या वयात दोन वर्षांची तूट आढळून आली आहे.' ते मालासारखं वाटलं म्हणून दुसरा मसुदा केला. 'महोदय, ज्या झिला शॉरॉकसाठी अर्ज केला होता त्या शंभर वर्षांपूर्वी वारल्या असून सध्या ब्रॅकनशॉ येथे राहतात.' तिसरा मसुदा बेरिलच्या हाती लागला.

रविवार होता. आत्या जेवायला आली होती आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसली होती. बेरिलनं मला दंडाला धरून मागच्या अंगणात नेलं, कचऱ्याच्या डब्यांपाशी, म्हणजे आत काही ऐकू जायला नको.

"त्या बाईनं आयुष्यात एक गोष्ट मागितली! एक! आणि तू राजवाड्याला कळवणार, की ती मेलेली आहे?"

"दोन वर्षं कमी आहेत, बेरिल."

"मग काय दोन वर्षं थांबवशील तिला? डॉक्टर काय म्हणाला ते विसरलास?"

मी विसरलो नव्हतो. म्हणूनच माझा आवाज चढला. मी सगळं सांगितलं: तो कागद, आजोबांचं अक्षर, लाल रेघ, सात महिन्यांची ती मुलगी, खिडकीतली ती बाई, दोन्ही तारखा. हातवारे करत सांगितलं. सांगताना माझं तोंड घराकडे होतं आणि बेरिलची पाठ. आत्याला ऐकू येऊ नये याची आम्ही इतकी काळजी घेतली, की तिला दिसतं हे साफ विसरलो.

जेवताना तिनं पानातलं सगळं संपवलं. दुसऱ्यांदा बटाटेही घेतले. मग कोट घालून म्हणाली, "विल्फ, मला घरी सोड."

तिच्या घरी गेल्यावर तिनं बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला आणि समोरच्या खुर्चीकडे बोट केलं.

"बस. तोंड उजेडाकडे कर. मला मारून आलास म्हणे कचेरीत."

मी खुर्ची खिडकीकडे वळवून बसलो.

"आत्या, तुला माहीत होतं?"

"माझंच वय मला माहीत नसेल? थॉर्नक्लफची गिरणी बंद पडली, इथे आलो. बाप खोकायचा. तुझ्या बापाला दोनच माग मिळाले होते. मी बारा पुऱ्या व्हायला तीन आठवडे होते, आणि गिरणीत चौदाच्या आत घेत नव्हते. एका सकाळी आईनं माझे केस वर बांधले, हा कागद हातात दिला. म्हणाली, आजपासून तू चौदाची, विचारलं तर बारा एप्रिल सांग. मी म्हटलं, अगं, हा तर आपल्या झिलाचा आहे. आई म्हणाली, तिला आता तो लागत नाही. मग परसात जाऊन उभी राहिली. परसात काही काम नव्हतं."

"मग पुढे कधी सांगितलं नाहीस?"

"कुणाला सांगू? हॅरी फेअरक्लफ मला सोडून गेला, का तर मी त्याच्याहून वर्षानं मोठी म्हणे. होते वर्षानं लहान. सांगितलं असतं तर माग गेले असते. हॅरीपेक्षा माग बरे होते." तिनं ते चार तुकडे टेबलावर जुळवले. "बापानं खरंच लिहिलं होतं तिचं नाव त्या कागदावर?"

"हो."

"मला कधी बोलला नाही. अक्षर कसं होतं?"

"जपून काढलेलं. इतरांपेक्षा मोठं."

आत्यानं एक तुकडा बोटानं सरळ केला. मला वाईट वाटत होतं, आणि त्यातही माझ्यातला निरीक्षक जागाच होता. मी म्हटलं, "आत्या, कार्ड तुझं नाही होत गं. तू अजून—"

"माझ्यासाठी कोण मागतंय कार्ड? मला काय कमी पडलं? घर मिळालं, माग मिळाले, दात गेले, सगळं वेळच्या वेळी झालं. तिला काय मिळालं? सात महिने. कौन्सिलच्या खड्ड्यात चौदा परक्या माणसांबरोबर पुरलंय तिला, वर दगडसुद्धा नाही. बापानं कागदावर घेतलं तर लाल शाईनं बाहेर काढलं. अठ्ठ्याऐंशी वर्षं..." तिनं बोटांवर मोजलं. "नाही, शहाऐंशी वर्षं मी तिचा कागद घेऊन फिरतेय. तू मापं बघायचास ना? मग सांग. बारा एप्रिलला शंभर कोणाची होतात?"

"तिची," मी म्हणालो.

"पुरी भरतात?"

"पुरी भरतात."

"मग तुझी तक्रार काय आहे?"

माझी काही तक्रार नव्हती. मी घरी येऊन तिन्ही मसुदे फाडले. बेरिलनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, माप बरोबर आहे. मग मला तिच्यासमोर बसून रडू आलं, ते का आलं ते मी तिला जेवणानंतर सांगितलं.

वंशवृक्षाचा प्रश्न मात्र राहिलाच. खोटं मी लिहिणार नव्हतो. खरं लिहिलं तर मेयरसाहेब ते वाचणार. माझी सदसद्विवेकबुद्धी आणि बेरिल यांनी मिळून तोडगा काढला: दोन्ही झिला, दोन्ही तारखा, सगळं शुद्ध लिहायचं आणि वृक्ष चहाच्या बंबामागे, कोट अडकवायच्या खुंट्यांवर लावायचा. ऐंशी माणसांचे कोट आले आणि सत्तावीस विणकर त्याखाली गडप झाले.

कार्ड बारा तारखेला सकाळी आलं. पोस्टमनला सही हवी होती. आत्यानं 'झेड. शॉरॉक' अशी सही ठोकली आणि मला म्हणाली, "ही सही दोघींची चालते." दुपारी ती हॉलमध्ये मधल्या टेबलाशी बसली. शेजारच्या खुर्चीवर तिनं कोणाला बसू दिलं नाही. लोकांना वाटलं, पर्स ठेवायला हवी असेल. पर्स मांडीवर होती.

क्रॉन्शॉ आले, कोट अडकवायला बंबामागे गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. माझी पाचावर धारण बसली. ते परतले, माझ्याकडे आले, तोंड उघडलं. मग आत्याकडे पाहिलं, तोंड मिटलं आणि चहा घ्यायला गेले. या माणसाला माहिती असूनही गप्प बसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

रस्सा झाला, केक कापला. मेयरसाहेबांनी गळ्यातली साखळी सारखी केली आणि कार्ड वाचलं: मिस झिला शॉरॉक यांना शंभराव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. टाळ्या पडल्या. बँडवाल्यानं काठी उचलली.

"थांबा," आत्या म्हणाली. "नाव परत वाचा. मोठ्यानं."

मेयरसाहेबांनी नाव परत वाचलं, मोठ्यानं. आत्यानं त्यांच्या ओठांवरून ते शेवटच्या अक्षरापर्यंत वाचून घेतलं. मग ती शेजारच्या खुर्चीकडे वळली आणि चार मागांपलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऐकलंस ना गं?"

खुर्चीमागे मेयरीणबाई उभ्या होत्या. त्या प्रेमानं वाकल्या. "ऐकलं हो, आजी. किती छान!"

"तुला नाही विचारलं," आत्या म्हणाली. तिनं कार्ड हातात घेतलं, हातरुमालानं पुसलं आणि त्या रिकाम्या खुर्चीवर ठेवलं.